अंगमेहनतीचं काम, उकाडा आणि शुगर: खाण्यापाण्याचं कसं जमवता?

सडा

आंबा काढणी भरात आहे, म्हणून हा धागा आत्ताच काढतोय. पावसाळ्यात विचारून उपयोग नाही.

आमचे मोठे बंधू राजापूर तालुक्यात बाग सांभाळतात. वय पन्नाशीपुढे, टाईप २ मधुमेह. सकाळी न्याहारीआधी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी चांगली येते. घरी असले की काही त्रास नाही. पण काढणीच्या दिवसांत उजाडायच्या आत बागेत जायचं, झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी) घेऊन झाडावर, मग क्रेट वाहायचे, दुपारी पेट्या भरायच्या. अशा दिवशी दहा-अकराच्या सुमाराला हात थरथरतात, कपाळावर थंड घाम येतो, विचारलेल्याचं उत्तर तुटक देतात. परवा बागेतच मोजली तर ६१ भरली.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. काढणीच्या दिवसांपुरती गोळीची मात्रा त्यांनी बदलून दिली. तो भाग झाला. प्रश्न कामावरच्या खाण्यापिण्याचा आहे. बाकीची माणसं दर तासाला कोकम सरबत पितात, बंधू शुगर आहे म्हणून नुसतं पाणी. तेही कमी, कारण झाडावरून सारखं उतरायला नको. पहाटे कोरा चहा आणि एखादं बिस्कीट, मग थेट अकराची पेज. चिरेखाणीवर, होडीवर, शेतात काम करणाऱ्या आणि शुगर असलेल्या माणसांच्या घरी हे कसं जमवतात? डॉक्टर असतील त्यांनीही लिहावं.

दवाखाना_तालुका

बंधूंना होतंय ते अगदी समजण्यासारखं आहे आणि टाळता येण्यासारखंही. थोडं सविस्तर लिहिते.

काम करणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो, त्यासाठी त्याला इन्शुलिनची फारशी गरज लागत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड या गटातली गोळी मात्र रक्तात साखर किती आहे हे न बघता स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. म्हणजे एका बाजूने स्नायू साखर खेचतायत, दुसऱ्या बाजूने गोळी खाली ढकलतेय आणि पोटात पहाटेपासून एक बिस्कीट. अकरा वाजता ६१ हे त्याचंच फळ. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याला असं क्वचित होतं. म्हणून घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं की आपली गोळी कुठल्या गटातली आहे. पाकीट फेकू नका, त्यावरचं नाव वाचा.

७० च्या खाली म्हणजे शुगर कमी. ५४ च्या खाली म्हणजे धोका. तिथे माणूस गोंधळतो, चिडतो, ऐकत नाही. उपाय ठरलेला आहे: १५ ग्रॅम लगेच रक्तात जाणारी साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर थोड्या पाण्यात ढवळून. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. सावरल्यावर पेज, भाकरी, पोळी असं काहीतरी खायचंच, नाहीतर तासाभरात परत तिथेच येतो. बिस्कीट किंवा चॉकलेट त्या घटकेला चालत नाही, त्यातल्या तुपातेलामुळे साखर सावकाश चढते.

आणि बंधूंना सांगा, थरथर जाणवली की आधी झाडावरून खाली. "एवढी फांदी संपवतो" नाही.

तारवावरचा

आमच्या पप्पांका शुगर आसा, रापणीक (किनाऱ्यार ओढूची मासे धरूची मोठी जाळी) जातत. रापण ओढूक लागली की मधी थांबूक गावणा नाय, सगळ्यांनी एकदम ओढूचा लागता. म्हणान ते दोरीक हात लावच्या आधी खावन घेतत, मागसून नाय. चार घास पेज, वांगडा सुको बांगडो. खिशात साखरेची पुडी, प्लास्टिकात गुंडाळलेली, भिजता नये म्हणान. आणि रापणीवरच्या सगळ्यांका ठावक आसा. पूर्वी एकदा किनाऱ्यार बसले तेव्हा लोक म्हणाले दारू घेतल्यान. पप्पा दारूक शिवणत नाय. तेव्हापास्ना आम्ही सगळ्यांका सांगून ठेवला: असा दिसला तर आधी साखर घाला तोंडात, मगे काय ता बोला.

दवाखाना_तालुका

तारवावरचा, तुमच्या शेवटच्या वाक्यात एक भर घालते. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच तोंडात साखर. बेशुद्ध असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. बाकी तुमच्या पप्पांची पद्धत अगदी बरोबर आहे. कामाआधी खाणं आणि सोबत्यांना सांगून ठेवणं या दोन गोष्टी कुठल्याही औषधाइतक्या मोलाच्या आहेत.

दारूचा विषय निघालाच आहे तर: दिवसभर काबाडकष्ट करून संध्याकाळी माडी किंवा दारू घेणाऱ्या मधुमेही माणसाला रात्री धोका असतो. दमलेले स्नायू रात्रभर आपला साठा भरून काढण्यासाठी साखर ओढत राहतात, हा परिणाम २४ तासांपर्यंत टिकतो. त्यात दारूमुळे यकृताचं नवी साखर तयार करण्याचं काम मंदावतं. उपाशीपोटी झोपला तर पहाटे उठवता येत नाही.

आगर

खाण्यापिण्याचं मी सांगते. गुहागरकडचं आमचं घर, सासरे आणि दीर दोघांनाही शुगर, दोघंही शेतीत राबणारे.

पहिलं म्हणजे पहाटेचा बिस्किटाचा प्रकार बंद करा. निघताना नाचणीची भाकरी आणि काहीतरी डाळीचं किंवा अंड्याचं, किंवा उकड्या तांदळाची घट्ट पेज आणि वर मूग-मटकीची उसळ. नुसती पातळ पेज लवकर चढते आणि लवकर उतरते. उसळ, अंडं, मासा असं सोबत असलं की पोटात टिकते. साडेआठ-नऊला पुन्हा थोडं: मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि अर्धी भाकरी. ही मधली न्याहारी आमच्याकडे कधीच चुकत नाही.

आता कोकमाचं. सडा, तुम्ही लिहिलंय की बाकीचे सरबत पितात आणि बंधू नुसतं पाणी. आमच्याकडे दोन वेगळ्या बाटल्या असतात. अमृत कोकम करताना सालांना भरपूर साखर लावून ती उन्हात मुरवतात, म्हणजे तो साखरेचा पाकच. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, त्यात साखर नाही. उन्हातल्या कामाला आगळ पाण्यात घालून, चिमूटभर जिरेपूड, जरा ठेचलेलं आलं. तहान भागते, मीठही जातं, शुगरला धक्का नाही. अमृत कोकमाची छोटी बाटली वेगळी ठेवायची, त्यावर लाल चिंधी बांधलेली. ती फक्त शुगर उतरली तर. दिरांना ती दाखवून ठेवली आहे, कामावरच्या मुलांनाही.

आंबील पण चांगली. नाचणीचं पीठ रात्री भिजवून ठेवायचं, सकाळी शिजवून निववायचं, मग ताक आणि मीठ. पातळ ठेवली की पिण्यात पाणीही जातं आणि थोडं पीठही.

काजळी

आगर, कल्पना आवडली, पण शुगरवाल्याला अमृत कोकम हातात देणं मला पटत नाही. आमच्या आईला साखर वर्ज्य सांगितली आहे. तिला चक्कर आली की आम्ही गुळाचा खडा देतो, तो नैसर्गिक असतो. आणि उन्हात शहाळं. शहाळ्यासारखं दुसरं काही नाही.

आगर

काजळी, गूळ हीही साखरच आहे हो. चक्कर शुगर कमी झाल्याची असेल तर गूळ चालेल, पाण्यात विरघळवून दिला तर लवकर लागू पडेल. पण "नैसर्गिक आहे" म्हणून रोजच्या चहात घातला तर आईंची शुगर चढणारच. उतरलेल्या वेळी साखर हे औषध, एरवी पथ्य. दोन्ही एकाच घरात नांदू शकतात.

दवाखाना_तालुका

आगर यांच्याशी सहमत. लाल चिंधीची बाटली मी आता माझ्या रुग्णांनाही सांगणार आहे. फक्त ब्लडप्रेशर किंवा हृदयाचा, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आगळातल्या मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

शहाळ्याबद्दल. १०० मिली पाण्यात साधारण तीन-चार ग्रॅम साखर असते, म्हणजे एका मध्यम शहाळ्यात दहा ग्रॅमच्या आसपास. घाम गाळणाऱ्या माणसाला दिवसात एक शहाळं सहसा बाधत नाही. पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, घामातून जातं ते उलटं. म्हणून नुसत्या शहाळ्यावर दिवस काढू नये, खाण्यात मीठ हवं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर शहाळं विचारूनच.

जलसंजीवनीबद्दलही (ओआरएस) लोक उगाच घाबरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. मघाशी शुगर उतरल्यावर १५ ग्रॅम साखर सांगितली, ती अख्ख्या लिटरभर जलसंजीवनीत जेमतेम आहे. म्हणून खूप घाम गेला असेल तर मधुमेही माणसाने ती घोट घोट प्यायला हरकत नाही, पण शुगर कोसळली तर मात्र ती पुरेशी नाही, तिथे साखरच. एक काळजी घ्या: दुकानात खोक्यात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं जलसंजीवनी म्हणून घेऊ नका. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर 'ओआरएस' लिहायला मनाई केली ती याचसाठी. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलेलं आहे का ते बघा.

पाणंद

चिरेखाणीवरचं लिहितो. मी मुकादम आहे, लांज्याकडे. चिरे कापायला आता यंत्र असतं, पण गाडी माणसंच भरतात. कातळावर सावली नावाला नाही आणि खाली खड्ड्यात वारा लागत नाही. जांभा तापला की वरून ऊन आणि बाजूंनी भट्टी.

आधी जिथे काम करत होतो तिथे पाण्याचा पिंप रस्त्याच्या कडेला, खाणीच्या तोंडाशी होता. माणूस वर चढून जायला कंटाळायचा, मुकादम ओरडेल म्हणूनही जायचा नाही. मालकाला कितीदा सांगितलं, पिंप हलला नाही. आता माझ्या हाताखाली काम आहे तिथे मडकं खाली, माणसांच्या हाताच्या अंतरावर असतं, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं, वर झापांची सावली. अर्ध्या तासाने मी स्वतः हाक मारतो. तहान लागायची वाट बघत नाही. कुणाला शुगर आहे हे पहिल्याच दिवशी विचारतो. सुरुवातीला माणसं सांगत नाहीत, काम जाईल म्हणून घाबरतात. एकाचंही काम जाणार नाही असं कळलं की मग सांगतात. हे मालकांनी आणि मुकादमांनी नीट समजून घ्यायला हवं.

पाणी नेमकं किती प्यायला सांगावं?

दवाखाना_तालुका

तुमच्यासारखे मुकादम सगळीकडे हवेत.

उन्हात अंगमेहनत चालू असताना दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे पाव लिटरला थोडं कमी. तासाला दीड लिटरच्या वर नाही, एकदम खूप नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. झाडावर असलेल्या माणसाने उतरल्यावर दोन पेले आणि कमरेला छोटी बाटली. लघवीला उतरावं लागेल म्हणून पाणी टाळणं हे सगळ्यात महाग पडतं.

आपल्याकडचा उकाडा दमट. घाम सुकला तर अंग निवतं; इथे तो नुसता ओघळतो, पाणी जातं आणि अंग तापलेलंच राहतं. त्यामुळे तापमानाचा आकडा नागपूरपेक्षा कितीतरी कमी असूनही माणूस कोसळतो.

मधुमेहात आणखी एक गाठ आहे. शुगर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. साखर लघवीतून जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त दाट होतं, शुगरचा आकडा आणखी चढतो. म्हणून उन्हात पाणी टाळून शुगर वाढवून घेणारेही असतात, सगळेच कमी होऊन पडतात असं नाही. लघवी गडद पिवळी म्हणजे पाणी कमी ही खूण बाकीच्यांना ठीक, पण शुगर चढलेल्या माणसाची लघवी फिकी आणि भरपूर असते आणि तरी अंग कोरडं पडत असतं. तोंड कोरडं, जिभेला चिकटा, उभं राहिल्यावर गरगरणं, याकडे लक्ष द्या.

आणि एका गटाच्या गोळ्यांबद्दल मुद्दाम सांगते: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. या साखर लघवीतूनच बाहेर काढतात, पाणीही जास्त जातं. चांगल्या गोळ्या आहेत, स्वतःहून बंद करू नका. पण जुलाब-उलट्या सुरू झाल्या, खाणं बंद पडलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बहुधा ते तेवढ्यापुरती थांबवायला सांगतील. मेटफॉर्मिन आणि लघवी वाढवणाऱ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचंही तसंच.

वालय

घाम, थरथर, गरगरणं ही लक्षणं ऊन लागल्याचीही आहेत ना? मशीन जवळ नसेल तर ओळखायचं कसं?

दवाखाना_तालुका

ओळखत बसू नका. गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारा माणूस असेल आणि मशीन नसेल तर कमीच आहे असं धरून साखर द्या. शुगर चढलेली असेल तर तीन चमच्यांनी जे बिघडेल ते नंतर निस्तरता येतं. उतरलेली असताना न दिलेली साखर जिवावर बेतते. सोबत सावली, ओलं फडकं, वारा. अंग चटका बसेल इतकं तापलंय आणि माणूस बरळतोय, तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओतत राहा आणि १०८.

हृदयासाठी किंवा ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर धडधड, थरथर जाणवतच नाही. अशांना घाम तेवढा फुटतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात घाम सगळ्यांनाच असतो. त्यांनी वेळ ठरवून मोजायचं, लक्षणांची वाट बघायची नाही.

सडा

मोजण्यावरून एक विचारतो. बंधूंची शुगर बागेत मोजली की कधी कधी एकदम २४० दाखवते आणि घरी येऊन मोजली की १३०. मशीन बिघडलंय का?

आगर

हात धुतले होते का? आंबा हाताळलेल्या बोटावर रस असतो, दिसत नसला तरी. ती साखर थेंबात मिसळते. दिरांचं असंच व्हायचं. साबणाने हात धुवायचे, कोरडे पुसायचे, मग टोचायचं. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून टाकून दुसरा घ्यायचा, पण धुणं ते धुणं. याची उलट बाजू भयंकर आहे: खरी शुगर ६५ आणि रसाने दाखवली १५०, तर तुम्ही निर्धास्त राहाल.

दवाखाना_तालुका

अगदी बरोबर. ओल्या बोटाने उलट आकडा कमी येऊ शकतो, म्हणून कोरडं पुसणं तितकंच महत्त्वाचं. पट्ट्यांची डबी घट्ट बंद हवी, पट्टी काढली की लगेच झाकण. पावसाळ्यात आपल्याकडची हवा पट्ट्या खराब करते. गाडीच्या डिकीत उन्हातही ठेवू नका, ३० अंशांपर्यंतच त्या ठीक राहतात.

चुलीपाशी

मी इन्शुलिन घेते आणि भाताच्या लावणीला उतरते. मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहिते: मांडीत टोचून लगेच चिखलात उतरलं की औषध भराभर लागतं, कारण पायच राबत असतात. आता मी पोटावर टोचते, आणि लावणीच्या दिवसांत किती घ्यायचं ते डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलंय. वीज जाते तेव्हा औषधाची बाटली छोट्या डब्यात घालून पाण्यात ठेवलेल्या मातीच्या मडक्यात. बर्फाला लावायची नाही, गोठली तर फुकट. लावणीच्या दिवशी उपास धरत नाही. सासूबाईंनीच सांगितलं, देव कोपायचा नाही.

आणि पाय. संध्याकाळी दोन्ही पायांचे तळवे, बोटांच्या बेचक्या नवऱ्याकडून बघून घेते. मला काटा रुतलेला कळत नाही.

दवाखाना_तालुका

चुलीपाशी ताई, पायांचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मधुमेहात नसा बधिर होतात, जखम कळत नाही, आणि आपल्या शेतात लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून चिखलपाण्यात पसरणारा ताप) धोका असतोच. जखम असेल तर चिखलात उतरण्याआधी दवाखान्यात दाखवा, ताप आला तर अंगावर काढू नका. नसा बिघडलेल्या माणसाला घामही कमी सुटतो, मग अंग निवत नाही. अशांनी दुपारचं काम सोडून द्यावं.

काजळी

एक शंका. मुंबईहून भाऊ मे महिन्यात येतो आणि पहिल्याच दिवशी बागेत झपाटल्यासारखा राबतो. त्यालाही शुगर आहे.

पाणंद

पहिल्या दिवशी पूर्ण काम देऊ नका. आम्ही नव्या माणसाला पहिल्या दिवशी थोडंच काम देतो आणि आठवडाभरात वाढवत नेतो. एसीतून आलेल्या अंगाला इथल्या हवेची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. चाकरमान्यांना हे सांगितलं की राग येतो, तरी सांगा.

सडा

सगळ्यांचे आभार. आजपासून घरात हे ठरलं: निघण्याआधी भाकरी आणि उसळ, नऊला मधली न्याहारी बागेतच. आगळाचं पाणी कळशीत, सगळ्यांसाठी एकच, म्हणजे बंधूंना वेगळं वाटणार नाही. लाल चिंधीची बाटली क्रेटच्या ढिगाजवळ, बागेतल्या दोन्ही नेपाळी मुलांना दाखवली. त्यांनीच विचारलं की काका बोलले नाहीत तर काय करायचं, तेव्हा कुशीवर वळवणं आणि १०८ हेही समजावलं. झाडावर चढण्याआधी एकदा मोजायचं, १०० च्या खाली असेल तर आधी खायचं असं डॉक्टरांनी सांगितलंय.

हात धुवायला साबण आणि कोरडा पंचा आज बागेत नेलाय. अकरा वाजता मोजली, ११८.

आगर

रात्री झोपतानाही एकदा मोजा, काढणी संपेपर्यंत तरी.